अठ्ठावीस रुपयांची मालकी

२००७ च्या सुरुवातीला आमच्या सांगलीच्या दुकानात मोझर बेअर कंपनीच्या सिनेमांचं पहिलं खोकं आलं. व्हीसीडीवर छापील किंमत २८ रुपये, डीव्हीडीवर ३४. तोवर मी हिंदी सिनेमाची ओरिजिनल व्हीसीडी शंभर ते दीडशेला विकत होतो आणि चांगल्या सिनेमाची डीव्हीडी तीनशेच्या खाली क्वचितच येत होती. त्याच हंगामात, १० नोव्हेंबर २००६ ला, राजश्री प्रॉडक्शन्सने ‘विवाह’ थिएटरात लावला आणि त्याच दिवशी आपल्या संकेतस्थळावर डाउनलोडलाही ठेवला. डाउनलोडची किंमत ९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेचारशे रुपयांच्या घरात. इकडे कारखान्यात छापलेली, ट्रकने आलेली, स्टॉकिस्टच्या आणि माझ्या हातून गेलेली चकती २८ रुपयांना. तिकडे प्लास्टिक नाही, ट्रक नाही, दुकानदार नाही, आणि भाव सोळापट.

ही तुलना अगदी तोलामोलाची नाही, हे मान्य. ‘विवाह’ त्या दिवशी ताजा होता आणि २८ रुपयांच्या खोक्यातले बहुतेक सिनेमे जुने होते. पण नवा-जुना हा फरक बाजूला काढला तरी तफावत उरतेच, आणि पुढची कित्येक वर्षं ती तशीच राहिली. काउंटरमागे बसून मी या हिशेबाचा बराच विचार केला आहे. माझं मत असं झालं आहे की सिनेमाच्या प्रतीची किंमत ती तयार करायला काय खर्च येतो यावर कधीच ठरली नाही. विकणाऱ्याला त्या वेळी धास्ती कोणाची होती, त्यावर ती ठरली. ही धास्ती बदलत गेली, तसे भाव बदलत गेले. त्यातच मोजकी वर्षं अशी येऊन गेली की सांगली, तासगाव, विट्याकडच्या साध्या घरालाही सिनेमा विकत घेऊन कपाटात ठेवता आला. त्या वर्षांची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे, म्हणून हे लिहितो आहे.

वडिलांनी दुकान सुरू केलं ते ऑडिओ कॅसेटचं. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, त्याच्या मागोमाग व्हिडिओ आला, आणि दुकानाच्या अर्ध्या भागात व्हिडिओ लायब्ररी थाटली गेली. कॅसेटचं भाडं दिवसाला दहा रुपये. ज्यांच्याकडे व्हीसीआर नव्हता ते तोही भाड्याने नेत. गणपतीत, बारशाला, वास्तुशांतीला टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट असा एका रात्रीचा संच जायचा, आणि सकाळी डोळे चोळत कुणीतरी तो परत आणून द्यायचा. सिनेमाची कॅसेट विकत घ्यायची असते हे गिऱ्हाइकाच्या मनातच नव्हतं. सिनेमा पाहायचा आणि परत करायचा, हीच रीत.

ही रीत अमेरिकेतही तशीच रुजली होती, मात्र तिथे तिच्यामागे कायद्याचं बळ होतं. १९७७ मध्ये आंद्रे ब्ले यांच्या मॅग्नेटिक व्हिडिओ कंपनीने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे पन्नास सिनेमे कॅसेटवर आणले. किंमत साधारण पन्नास डॉलर. त्याच वर्षअखेरीस लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज अ‍ॅटकिन्सन यांनी त्या कॅसेट विकत घेऊन भाड्याने द्यायला सुरुवात केली. अमेरिकेच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे. एखादी प्रत एकदा रीतसर विकली की त्या प्रतीवरचा विक्रेत्याचा हक्क तिथेच संपतो. घेणाऱ्याने ती पुढे विकावी, द्यावी, भाड्याने लावावी. स्टुडिओंना हे सलत होतं. एक कॅसेट शंभर घरं फिरून यायची आणि स्टुडिओच्या पदरात पैसे एकाच कॅसेटचे पडायचे. कायदा बदलून घ्यायचा त्यांचा प्रयत्न फसला, तेव्हा त्यांनी किंमत वाढवली. नव्या सिनेमाची कॅसेट ऐंशी-नव्वद डॉलरला निघू लागली. हा भाव घरच्या माणसासाठी नव्हताच. लायब्ररी पुढे जे भाडं कमावणार, त्यातला वाटा आधीच वसूल करण्याची ती युक्ती होती.

अधूनमधून कुणी धाडस करून भाव खाली आणला की गिऱ्हाईक विकत घेतं, हेही दिसलं. १९८२ मध्ये पॅरामाउंटने ‘स्टार ट्रेक’चा दुसरा भाग ३९.९५ डॉलरला काढला. १९८७ मध्ये ‘टॉप गन’ची कॅसेट २६.९५ डॉलरला आली आणि ती धडाक्याने खपली. म्हणजे लोकांना सिनेमा घरी ठेवायची इच्छा होती. अडत होतं ते भावापाशी.

आपल्याकडचा कायदा मात्र दुसऱ्या टोकाला होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने सिनेमाची प्रत विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडे ठेवला, आणि ती प्रत याआधी विकली गेली असली तरीही तो कायम राहील, असं स्पष्ट नमूद केलं. अमेरिकेत विक्रीबरोबर संपणारा हक्क इथे संपतच नव्हता. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे वॉर्नर ब्रदर्सने एका व्हिडिओ लायब्ररीविरुद्ध नेलेलं प्रकरण निकाली निघालं. अमेरिकेत रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी इथे आणून भाड्याने देणं हे कॉपीराइटचं उल्लंघन ठरलं. आमच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला या कलमांची काही कल्पना नव्हती, आणि घरोघरी एकमेकांना कॅसेट देणाऱ्यांना तर नव्हतीच. कागदावर हक्क कोणाचाही असो, वस्तू हातात असली की ती शेजारी जाते, हे सगळे गृहीत धरून चालत.

चकती आल्यावर हा सगळा मामला पालटला. अमेरिकेत १९९७ मध्ये डीव्हीडी बाजारात आली, तेव्हा वॉर्नर होम व्हिडिओचे प्रमुख वॉरन लीबरफार्ब यांनी आग्रह धरला की ही वस्तू भाड्यासाठी नाही, घरी ठेवण्यासाठी विकायची, आणि किंमत वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास ठेवायची. वीस वर्षं जी धास्ती लायब्ररीची होती तिच्यावर त्यांनी स्वस्ताईचा उतारा काढला. तो इतका लागू पडला की पुढच्या दशकाच्या मध्यापर्यंत हॉलीवूडच्या स्टुडिओंना थिएटरपेक्षा चकत्यांतून जास्त पैसा मिळू लागला.

आमच्याकडे डीव्हीडीच्या आधी व्हीसीडीने घर केलं. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून तिचं प्रमाण ठरवलं. एका चकतीवर ७४ मिनिटं मावत. चित्र व्हीएचएसच्या जेमतेम बरोबरीचं, आणि वेगाच्या दृश्यात चौकोन-चौकोन दिसायचे. अमेरिकेने तिच्याकडे पाहिलंही नाही. आशियात मात्र ती घराघरांत पोचली, कारण बुरशी धरत नव्हती, फीत अडकत नव्हती आणि चिनी बनावटीचा प्लेअर हजार-दीड हजारात मिळत होता. अडीच तासांचा सिनेमा दोन किंवा तीन चकत्यांवर यायचा. पहिली संपली की घरातलं कुणीतरी उठायचं, चकती बदलायचं, तेवढ्यात चहा टाकला जायचा.

मराठी मुलखात या चकतीने जे काम केलं ते कॅसेटने कधी केलं नव्हतं. माझ्या दुकानात सगळ्यात टिकाऊ खप होता नाटकांचा. ‘मोरूची मावशी’, पुलंची ‘वाऱ्यावरची वरात’. ज्या गावात नाटकाचा दौरा कधी पोचला नाही तिथे नाटक चकतीवर पोचलं. त्याखालोखाल कीर्तनं आणि प्रवचनं, त्यानंतर दादा कोंडके, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘धूमधडाका’, आणि बायकांकडून हमखास ‘माहेरची साडी’. या गोष्टी लोक भाड्याने नेत नव्हते, विकतच घेत, आणि कारण सरळ होतं. हिंदी सिनेमा एकदा पाहून झाला की झाला. ‘बनवाबनवी’ दिवाळीला, उन्हाळ्यात पोरं आली की, पाहुणे मुक्कामाला राहिले की, दरवेळी लागणार. पुन्हा पुन्हा पाहायची गोष्ट घरचीच हवी.

पण शंभर रुपये ही रक्कम लहान नव्हती, आणि एसटी स्टँडबाहेरच्या पदपथावर तोच सिनेमा तीस-चाळीसला मिळत होता. डुप्लिकेट चकत्यांचा धंदा उघड्यावर चालायचा. पुढे पुढे तर एका डीव्हीडीवर तीन-तीन सिनेमे कोंबलेले असत. ओरिजिनल ओळखायची कशी, हे मी गिऱ्हाइकाला दाखवून द्यायचो. चकती उलटी धरून उजेडात तिरकी करायची. कारखान्यात साच्यातून काढलेल्या चकतीची खालची बाजू स्वच्छ चंदेरी दिसते. घरगुती रायटरवर जाळलेलीला हिरवट किंवा जांभळट झाक असते. मधल्या पारदर्शक कड्याजवळ बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला आहे का ते पाहायचं. मग वेष्टन. कॉपीराइट कायद्याच्या ५२ अ कलमाने व्हिडिओवर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची प्रत आणि ती काढणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं आहे. डुप्लिकेटवर यातलं काही तरी हमखास गाळलेलं किंवा धूसर फोटोकॉपी केलेलं असायचं. गिऱ्हाईक मन लावून ऐकायचं, मान डोलवायचं, आणि त्यातली निम्मी माणसं तरी पदपथाकडे वळायची. त्यांना दोष देण्याचं माझ्या कधी मनात आलं नाही. रोजगार शंभर-सव्वाशे असणाऱ्याने एका सिनेमाला अख्ख्या दिवसाची मजुरी का मोजावी?

सरकारने उपाय केला तो पोलिसी. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ चा कायदा आहे. २००९ मध्ये त्या यादीत व्हिडिओ पायरेट्सही घातले गेले. त्याच्या दोन वर्षं आधी एका कारखानदाराने वेगळा उपाय करून दाखवला होता.

मोझर बेअर इंडिया ही दीपक पुरी यांनी १९८३ मध्ये काढलेली दिल्लीची कंपनी. सुरुवात कामगारांची हजेरी नोंदवणाऱ्या घड्याळांपासून झाली, आणि नाव आलं तांत्रिक सहकार्य देणाऱ्या स्विस कंपनीकडून. पुढे फ्लॉपी डिस्क, आणि १९९९ पासून कोऱ्या सीडी. नोएडाच्या कारखान्यांतून ती जगातल्या मोठ्या चकती-उत्पादकांत जाऊन बसली. चकती बनते अशी: पॉलिकार्बोनेटचे दाणे वितळवून साच्यात दाबायचे, म्हणजे साच्यावरच्या सूक्ष्म खळग्यांचा ठसा उमटतो. त्यावर अॅल्युमिनियमचा पातळ थर, वर लाखेचा लेप, मग छपाई. यंत्रातून दर काही सेकंदांनी एक चकती बाहेर पडते. ज्यांच्याकडे अशी यंत्रं रात्रंदिवस चालतात त्यांना चकतीचा खर्च काही रुपयांचाच. खरा पैसा असतो हक्कांचा. कंपनीने हजारो सिनेमांचे होम व्हिडिओ हक्क घाऊक घेतले, हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी आणि इतर भाषांतले, आणि किंमत अशी ठरवली की पदपथावरचा माल त्याहून स्वस्त देऊन कुणाला फारसं काही सुटू नये. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने ऑडिओ कॅसेटच्या बाजारात भाव पाडून जे केलं होतं, तोच हा डाव, फक्त सगळं रीतसर हक्क विकत घेऊन.

दुसरी चतुराई विक्रीची. चकत्या फक्त म्युझिकच्या दुकानात ठेवायच्या नाहीत, किराणा, औषधांची दुकानं, जिथे साबण-बिस्किटं पोचतात तिथे पोचवायच्या. साधं पातळ वेष्टन, ठळक किंमत. आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच जतकडचे एक वयस्क गृहस्थ आले होते. व्हीसीडी हातात घेऊन त्यांनी किंमत दोनदा वाचली आणि विचारलं,

“मालक, ह्ये अठ्ठावीस रुपयं भाडं का हो? परत कवा आणून द्याची?”

“परत नाही आणायची, मामा. तुमचीच झाली.”

“कायमची?”

“कायमची.”

त्यांनी चार घेतल्या, आणि पुन्हा मागे येऊन पाचवी.

या व्यवहारात माझा नफा घटला, हे खरंच आहे. शंभराच्या व्हीसीडीमागे वीस-पंचवीस सुटायचे, तिथे पाच-सहा सुटू लागले. पण जो माणूस वर्षातून एखादी चकती घ्यायचा तो महिन्याला दोन-तीन घेऊ लागला. त्याहून मोठा बदल लोकांच्या वागण्यात दिसला. सिनेमा आता भेट म्हणून जाऊ लागला. लग्नात नवऱ्या मुलीला आहेर म्हणून, वाढदिवसाला पोरांना, रिटायर होणाऱ्या गुरुजींना नाटकांचा संच. सासरी निघालेल्या मुली इथून दोन-चार घेऊन जायच्या. आमच्या गिऱ्हाइकांत एक शिक्षक होते. ते शाळेत ‘श्यामची आई’ दाखवून झाल्यावर चकती वर्गात फिरवत, ज्याला हवी त्याने रविवारी घरी न्यावी. चरे पडले की ते दुसरी घेऊन जात. २८ रुपयांना ते परवडत होतं. वस्तू स्वस्त असली की ती द्यायला हात आखडत नाही, हे मी तेव्हा रोज पाहत होतो.

आता डाउनलोडकडे वळू, कारण नेमकी हीच वर्षं त्याच्याही जन्माची. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेत मूव्हीलिंक आणि सिनेमानाऊ या दोन सेवांनी पहिल्यांदा सिनेमे कायमचे उतरवून घेण्यासाठी विकायला काढले. ‘ब्रोकबॅक माउंटन’ डीव्हीडीबरोबरच डाउनलोडलाही आला. नव्या सिनेमाला वीस ते तीस डॉलर. दुकानात त्याच सिनेमाची डीव्हीडी त्याहून स्वस्त मिळत होती, वर अतिरिक्त दृश्यं, दिग्दर्शकाचं निवेदन आणि डबी. उतरवलेली फाइल संगणकातच अडकून राहायची. चकतीवर जाळून साध्या डीव्हीडी प्लेअरवर ती लावता येत नव्हती. सप्टेंबरमध्ये अॅपलने आयट्यून्सवर डिस्नेचे पंचाहत्तर सिनेमे आणले. पहिल्या आठवड्यात १२.९९ डॉलर, नंतर १४.९९, जुन्या सिनेमांना ९.९९.

लगेच मोठ्या दुकानांनी आवाज उठवला. अमेरिकेतल्या डीव्हीडींपैकी सुमारे चाळीस टक्के एकट्या वॉलमार्टमध्ये विकल्या जात. टार्गेट या साखळीच्या अध्यक्षांनी स्टुडिओंना पत्र लिहून बजावलं की डाउनलोडवाल्यांना आमच्यापेक्षा कमी घाऊक भावात सिनेमे देणार असाल, तर चकत्यांना दुकानात किती जागा द्यायची याचा आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल. स्टुडिओंचा नफा त्या दुकानांच्या फळ्यांवर उभा होता. डाउनलोड स्वस्त केलं असतं, तर ज्या फांदीवर बसले होते तिच्यावरच घाव पडला असता. प्लास्टिक, छपाई, वाहतूक, परतीचा माल हा सगळा खर्च वाचूनही डाउनलोडचा भाव चकतीला चिकटून राहिला, त्याचं मुख्य कारण हे. आधी धास्ती लायब्ररीची होती, आता दुकानदाराची. वॉलमार्टने २००७ मध्ये स्वतःची डाउनलोड सेवा काढून पाहिली. वर्ष संपायच्या आत ती बंद झाली.

सांगलीतून हे सगळं फार लांबचं वाटायचं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड २५६ केबीपीएसचं. व्हीसीडीच्या तोडीची ७०० एमबीची फाइल उतरवायची तर वेग अखंड मिळाला तरी सहा तास, आणि मर्यादेपलीकडे प्रत्येक एमबीचे वेगळे पैसे. रात्री दोन ते सकाळी आठ मोफत डाउनलोडची सोय असलेली योजना ज्यांच्याकडे होती, ती पोरं गजर लावून उठायची.

‘विवाह’चे ९.९९ डॉलर हे मुळात आमच्यासाठी नव्हतेच. ते होते परदेशातल्या भारतीयांसाठी, ज्यांच्या गावात तो सिनेमा लागत नव्हता. त्यांची निकड मला दुकानात दिसायची. अमेरिकेला मुलाकडे निघालेले आई-वडील दहा-वीस चकत्या घेत आणि लाडू-चिवड्याबरोबर बॅगेत भरत. मी त्यांना सांगायचो, शक्यतो व्हीसीडी न्या. डीव्हीडीवर प्रदेशाची कुलपं असू शकतात, भारत पाचव्या प्रदेशात, अमेरिका पहिल्यात, तिथला प्लेअर ती नाकारेल. व्हीसीडीला असलं कुलूप नाही. त्या मुलाला मराठी नाटकासाठी दहा डॉलर देणं जड नव्हतं, पण त्याला हवं ते डाउनलोडला नव्हतंच. राजश्रीने पुढे आपला बराच साठा जाहिरातींच्या आधारावर फुकट खुला केला, आणि त्यांच्या मराठी वाहिनीमुळे परदेशातल्या अनेक घरांत मराठी सिनेमा पोचला. ते मोठं काम झालं.

२०१२ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या जूनमध्ये कॉपीराइट कायद्यातली नवी दुरुस्ती लागू झाली आणि ‘याआधी विकली गेली असली तरीही’ या अर्थाचे शब्द गेले. व्यावसायिक भाड्याचा हक्क निर्मात्याकडे राहिला, पण घेतलेली चकती पुढे विकणाऱ्या सामान्य माणसाच्या वाटेतली अडचण दूर झाली. आणि त्याच वर्षी, ४ डिसेंबरला, आयट्यून्स स्टोअर भारतात आलं. सिनेमा विकत घ्यायचा तर साधारण तीनशे रुपये आणि वर. ज्या जुन्या सिनेमाची चकती माझ्याकडे तीस-पस्तीसला होती, त्याची फाइल जवळपास दहापट. शेजाऱ्याला देता येत नाही, आहेरात देता येत नाही, जुनी झाल्यावर विकता येत नाही. चकतीवर ग्राहकाचा हक्क कायद्याने मान्य केला, त्याच सुमाराला त्या हक्काबाहेरची वस्तू दुकानात आली. फाइलला पुनर्विक्रीचा हक्क लागू होतो का, हे अमेरिकेत रीडिजी कंपनीच्या गाण्यांच्या फाइलवरून कोर्टात तपासलं गेलं. २०१३ मध्ये आणि अपिलात २०१८ मध्येही उत्तर नाही असंच आलं, कारण फाइल दुसऱ्याला देताना तिची नवी प्रत तयार होते.

मधला मार्ग काढायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. २०११ मध्ये बहुतेक मोठ्या स्टुडिओंनी अल्ट्राव्हायलेट नावाची सामायिक कपाटाची योजना काढली. चकती घ्या, तिच्याबरोबरच्या संकेतांकाने डिजिटल प्रतही तुमच्या खात्यात. पुढच्या वर्षी वॉलमार्टमध्ये घरची जुनी डीव्हीडी नेऊन दोन डॉलरमध्ये तिची डिजिटल प्रत मिळू लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत न्याय्य भाव तोच होता, कारण माणसाने एकदा पैसे मोजले आहेत हे त्यात धरलेलं होतं. पण डिस्ने आणि अॅपल त्यात आले नाहीत, आणि ३१ जुलै २०१९ ला ते कपाट बंद झालं. २०२२ मध्ये सोनीने जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की स्टुडिओकॅनालचे तुम्ही पैसे मोजून घेतलेले शेकडो सिनेमे ३१ ऑगस्टपासून दिसणार नाहीत. करार संपला, एवढंच कारण. कॅलिफोर्नियाने त्यानंतर कायदा केला. २०२५ पासून तिथे अशा विक्रीत ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं की त्याला मिळतो तो केवळ परवाना.

आमच्याकडे डाउनलोडच्या विक्रीचं युग नीट उगवलंच नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला, आणि लोक थेट वर्गणीच्या सेवांवर गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर मुंबईच्या काळा घोड्यावरचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं-सिनेमांचं दुकान बंद झालं. मोझर बेअर सौर ऊर्जेतल्या गुंतवणुकीच्या कर्जाखाली दबली आणि २०१८ मध्ये अवसायनात निघाली. आमच्या दुकानात आता मोबाइलचे चार्जर आणि कव्हरं आहेत. पोट त्यावर चालतं.

वर्गणीच्या सेवांनी खूप दिलं, हे मी मनापासून मानतो. जतच्या त्या मामांच्या नातवाला आज खिशात जेवढे सिनेमे आहेत तेवढे माझ्या सगळ्या फळ्यांवर नव्हते. पण तो सगळा भाड्याचा माल आहे, आणि मालक उद्या काय परत नेणार हे भाडेकरूला माहीत नसतं. हिंदी-इंग्रजीच्या मोठ्या सिनेमांची काळजी कुणीतरी घेईल. मला काळजी आहे ती मराठीतल्या लहान सिनेमांची, नाटकांची, गावोगावच्या कीर्तनांची, ज्यांचं चित्रीकरण कुण्या लहान कंपनीने केलं, व्हीसीडीवर काढलं आणि मग ती कंपनी मिटली. आजही लोक जुन्या चकत्या घेऊन येतात, “ह्यातलं पेन ड्राइव्हवर घेऊन द्या” म्हणतात. काहींवर असं नाटक असतं, जे मला पुढे कुठल्याही सेवेवर शोधून सापडत नाही.

म्हणून मराठी निर्मात्यांना माझं सांगणं आहे. जुन्या सिनेमाची आणि नाटकाची बिनकुलपाची फाइल तीस-चाळीस रुपयांना विकून पाहा. २८ रुपयांच्या भावाने आमच्या भागात ओरिजिनल घेणारं गिऱ्हाईक तयार झालं होतं, पोलिसांच्या धाडींनी ते झालं नव्हतं. आणि दुसरं सरकारला. पुस्तक छापलं की त्याच्या प्रती ठरावीक मोठ्या ग्रंथालयांना पाठवणं १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक आहे. त्या कायद्यात सिनेमा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने १९६४ पासून जे जपलं ते अमोल आहे, पण चकतीवर निघालेलं लहानसहान सगळं एका संस्थेने गोळा करावं ही अपेक्षा गैर आहे. ते काम जिल्ह्याजिल्ह्यातली नगर वाचनालयं करू शकतात. एक कपाट, एक चालू प्लेअर, एक वही. घरोघरी माळ्यावर पडलेल्या चकत्या लोकांनी तिथे आणून द्याव्यात. त्या लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या आहेत आणि कोणताही करार संपला म्हणून त्या कुणी परत मागू शकत नाही. मी माझ्याकडच्या उरलेल्या नाटकांच्या व्हीसीडी, यादीसकट, द्यायला तयार आहे.